‘पानी’चा स्टिकर : नाशिकमधल्या आठवीच्या एका वर्गाचं प्रकरण

मार्चचा दुसरा आठवडा होता. मधली सुट्टी संपता संपता आमच्या शिपाई मावशी स्टाफरूमच्या दारात येऊन थांबल्या आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या, “मॅडम, तुमच्या वर्गातली ती नवी पोर नळावर येतच नाही. बाटली पण आणत नाही. एवढ्या उन्हात दिवसभर पाण्यावाचून राहती.” घरून पिऊन येत असेल, असं मी म्हटलं. मावशींनी मान हलवली. “ती नळावर आली की पोरं काहीतरी बोलतात. काय ते मला कळत नाही, पण हसतात.”

मी सिडकोच्या बाजूच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. ती मुलगी ज्या आठवी ‘ब’मध्ये होती, त्या वर्गाची मी वर्गशिक्षिका. सायबर छळावर शाळांना मिळणारं बहुतेक साहित्य म्हणजे सूचनांची यादी असते : पासवर्ड देऊ नका, अनोळखी माणसाशी बोलू नका. आमच्या प्रकरणात अनोळखी कोणीच नव्हतं, म्हणून ते आमच्या चुकांसकट लिहून ठेवते आहे. मुलांची ओळख उघड करायला 2015 च्या बाल न्याय कायद्याने मनाई आहे, आणि कायदा नसता तरी मी नावं दिली नसती. ओळख पटेल अशा काही खुणा बदलल्या आहेत.

मुलगी निफाड तालुक्यातल्या एका गावची. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. वडिलांना अंबड एमआयडीसीत काम मिळालं, कुटुंब शहरात आलं आणि जूनमध्ये ती आमच्याकडे दाखल झाली. वाचन खणखणीत, गणित चांगलं. बोलण्यात मात्र ‘ण’ नाही. पानी, लोनी, कोन, आनि. तिच्या घरात सगळे असंच बोलतात, गावातही.

27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात, मी तिला गोदावरीवर भाषण करायला सांगितलं. विषय मीच दिला. नदीवरच्या भाषणात ‘पाणी’ किती वेळा येणार, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. रामकुंडाचं पानी, गंगापूर धरणाचं पानी, पुराचं पानी. चौथ्या-पाचव्या वेळी मागच्या रांगांमधून खसखस पिकली. ती क्षणभर थांबली, घोट गिळला आणि भाषण पूर्ण करून खाली उतरली. मी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, छान झालं.

फोटो काढण्यासाठी वर्गातल्या एका मुलाला त्या दिवशी मोबाइल आणायची परवानगी दिली होती. त्याने व्हिडिओ काढला. संध्याकाळी त्यातली एक चौकट थांबवून, तोंड उघडं आणि डोळे अर्धे मिटलेले असताना, तिचा चेहरा कापून काढला, खाली ‘पानी पानी’ लिहिलं आणि व्हॉट्सअ‍ॅपचा स्टिकर बनवला. मुलांचा स्वतःचा एक ग्रुप होता, त्यात शिक्षक कोणी नाही, सदस्य 46. तिथे तो स्टिकर पडला.

नंतर मी तो ग्रुप त्या मुलीच्या वडिलांच्या फोनवर वर सरकवत सरकवत पाहिला. कोणी विचारलं, “विज्ञानाचा गृहपाठ काय आहे?” उत्तर, स्टिकर. “उद्या पीटी आहे का?” स्टिकर. “कोण कोण चाललंय फाळके स्मारकाला?” स्टिकर, स्टिकर, स्टिकर. शिवी कुठेही नाही, धमकी नाही. ग्रुपमध्ये तिचं नाव लिहायचीही कोणाला गरज पडली नव्हती. मग आठवड्याभरात तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर एक अकाउंट निघालं. डीपीला तोच चेहरा, आणि स्टोरीत “आज आमच्याकडे पानी आलं नाही” असली वाक्यं. दुसऱ्या शाळांमधली मुलंही ते फॉलो करू लागली.

तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. ग्रुपमध्ये होता तो वडिलांचा नंबर. पहिल्या दिवशी स्टिकर आला तेव्हा वडिलांनी पोरीचा फोटो ओळखला, ग्रुपवर कौतुक चाललंय असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी त्या स्टिकरवर अंगठा दिला. मुलीने गृहपाठ बघायला फोन हातात घेतला तेव्हा तिला आधी तो अंगठा दिसला.

मुलीशी बोलणं

पहिल्यांदा मी तिला बोलावून सरळ विचारलं, काय झालं? “काही नाही, मॅडम.” असं विचारल्यावर कोणतंही मूल हेच उत्तर देतं. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या, त्या कामाला तिला घेतलं. दहा-बारा पुस्तकं झाल्यावर, हातातल्या डिंकाकडे बघत ती म्हणाली, “मॅडम, मला ण येत नाही.” मी काहीच बोलले नाही. मग ती म्हणाली, “मी आता जल म्हणते.”

तेव्हा मला आठवलं की मागच्या आठवड्यात विज्ञानाच्या सरांनी स्टाफरूममध्ये कौतुकाने सांगितलं होतं : ही पोरगी तोंडी परीक्षेत ‘जलाचे उष्णतामान’ म्हणाली, काय शुद्ध भाषा! आम्ही सगळे खूश झालो होतो.

बाकीचं हळूहळू कळलं. लघवीला जळजळ होत होती, डॉक्टरांनी पाणी कमी पडतंय असं सांगितलं होतं, पण शाळेतल्या नळावर जायचं म्हणजे ‘पानी आलं, पानी आलं’ ऐकायचं. घरी का सांगितलं नाही, याचं तिचं कारण अगदी व्यवहारी होतं. “पप्पा ग्रुप सोडतील, मग गृहपाठ कसा कळणार?” आपण मोठी माणसं मदत म्हणून पहिली गोष्ट करतो ती फोन काढून घेण्याची. त्रास झालेल्याच मुलाला शिक्षा होते. मुलांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून ती गप्प राहतात.

मी तिला विचारलं की तुला काय व्हायला हवंय. तिने तीन गोष्टी सांगितल्या. ते अकाउंट बंद व्हावं. नळावर कोणी काही बोलू नये. आणि सगळ्या शाळेपुढे कोणी तिची माफी मागू नये, कारण मग ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल. तिसरी गोष्ट तिने सांगितली नसती तर आम्ही नेमकं तेच केलं असतं. परिपाठाला सगळ्यांसमोर माफी, हाच मुख्याध्यापकांचा पहिला विचार होता.

पुरावा, आणि आमची घाई

एक चूक तरी झालीच. बातमी कळल्यावर रागाच्या भरात वर्गात सांगितलं गेलं, “उद्यापर्यंत सगळ्यांनी ते डिलीट करा.” परिणाम असा झाला की ज्यांनी केलं होतं त्यांनी आपापल्या फोनमधले मेसेज पुसले, आणि स्टिकर तसाच राहिला. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करायला साधारण दोन दिवसांचीच मुदत असते. त्यानंतर पुसलं तर ते फक्त आपल्या फोनमधून जातं. शिवाय एखाद्याने स्टिकर फेव्हरेटमध्ये टाकला असेल, तर मूळ मेसेज गेला तरी तो स्टिकर त्याच्याकडे राहतोच.

सुदैवाने वडिलांच्या फोनमध्ये सगळं होतं. त्यांना सांगितलं की निर्णय होईपर्यंत यातलं काहीही पुसू नका. स्क्रीनशॉट काढले ते तारीख, वेळ, ग्रुपचं नाव आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असे. इन्स्टाग्रामच्या अकाउंटची लिंकही उतरवून ठेवली. कुठल्याही मुलाला “मला फॉरवर्ड कर” असं सांगितलं नाही. आमच्या प्रकरणात चेहरा आणि दोन शब्द एवढंच होतं. पण मुलीचं विवस्त्र किंवा तसं बनवलेलं छायाचित्र असतं, तर ते पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 बी खाली गुन्हा ठरला असता. तसं काही असेल तर शाळेने मिटवामिटवी करण्याचा प्रश्नच उरत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. पुढे आम्ही जे वर्गात केलं ते करण्याची मोकळीक आम्हाला मिळाली, कारण प्रकरण त्या हद्दीच्या अलीकडे होतं. हा फरक प्रत्येक शिक्षकाला तोंडपाठ असायला हवा.

बनावट अकाउंटची तक्रार वडिलांच्या वतीने इन्स्टाग्रामकडेच केली, ‘दुसऱ्याच्या नावाने अकाउंट’ या कारणाखाली. चार दिवसांनी ते बंद झालं.

‘तुम्हीपण हसलात’

स्टिकर बनवणारा मुलगा शाळेची सगळी पोस्टरं करतो. हात चांगला आहे त्याचा. मी त्याला एकट्याला बसवलं आणि रागावले नाही, फक्त तू हे कसं बनवलंस ते क्रमाने सांग, म्हटलं. त्याने सांगितलं. मग मी विचारलं, हसण्यासारखं काय वाटलं तुला? तो बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला. नंतर म्हणाला, “मॅडम, जुलैमध्ये तुम्हीच तिला उभं करून पाच वेळा ‘पाणी म्हण, पाणी’ म्हणायला लावलं होतं. सगळे हसले. तुम्हीपण हसलात.”

खरं होतं ते. मला उच्चार सुधारायचा होता. मी हसले ती मायेने, असं मी स्वतःला सांगू शकते, पण वर्गाने मायेचं हसू आणि दुसरं हसू वेगळं मोजलं नाही. तिच्या तोंडचा ‘पानी’ हा हसण्याचा विषय आहे, हे एक्कावन्न मुलांना जुलैमध्ये माझ्याकडून कळलं. फेब्रुवारीत मोबाइलने ते सिडकोपासून कॉलेज रोडच्या क्लासपर्यंत नेलं, एवढंच. सायबर छळ रोखायचा म्हणजे काय, याचा माझा सगळा विचार त्या दुपारी बदलला. तोवर मी फोनच्या मागे लागले होते.

बनावट अकाउंट त्याचं नव्हतं. ते वर्गातल्या दोन मुलींनी काढलं होतं, त्यातली एक तिच्याच बाकावर बसणारी. तिच्याशी बोलताना कारण पुढे आलं ते असं की ही नवीन आली आणि सहामाहीत हिचे गुण जास्त आले.

नॉर्वेचे अभ्यासक डॅन ओल्वेयस यांनी शाळेतल्या छळाची ओळख तीन खुणांनी करून दिली : हेतू, पुनरावृत्ती आणि ताकदीतला फरक. आमच्याकडे त्या मुलाने स्टिकर एकदाच बनवला, एकदाच टाकला. “मी एकदाच केलं, मॅडम,” हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पुनरावृत्ती बाकीच्यांनी केली, प्रत्येकाने एकेकदा. शेकडो वेळा झालेल्या गोष्टीचा गुन्हेगार शोधायला गेलं की प्रत्येकाच्या वाट्याला एक किंवा दोनच येतात, आणि प्रत्येकाला आपण निर्दोष वाटतो. त्रास मात्र एकाच मुलीला सलग होतो.

पालक आणि कायदा

मुलीचे वडील आले ते दाखला मागायला. “कोनी केलं ते मला सांगू नका, मॅडम. माझा राग वाईट आहे. दाखला द्या, पोरीला गावाला पाठवतो.” मी म्हटलं, भाऊ, दाखला तुम्ही कधीही मागा, तो तुमचा हक्क आहे, पण आधी पंधरा दिवस द्या. आणि तक्रार करायची असेल तर तोही तुमचा हक्क आहे, शाळा आड येणार नाही. नाशिक शहर पोलिसांचं सायबर पोलीस ठाणं आहे, राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर महिला आणि बालकांसाठी वेगळा विभाग आहे, मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. 1930 हा नंबर सगळ्यांच्या तोंडी असतो, पण तो मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. बनावट अकाउंटला माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलम 66 सी, 66 डी लागू शकतात, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण करणारी मुलं तेरा-चौदा वर्षांची असतील तर ती बाल न्याय मंडळापुढे जातात, त्यांना आरोपी न म्हणता विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. वडिलांनी विचारलं, “करणाऱ्या पोरी आहेत का?” मी उत्तर दिलं नाही. ते दोन दिवसांनी येऊन म्हणाले की पंधरा दिवस देतो.

दुसऱ्या बाजूचे पालक वेगवेगळे निघाले. पोस्टरवाल्या मुलाचे वडील “पोरं चेष्टा करणारच” म्हणाले आणि निघून गेले. बाकावरच्या मुलीची आई माझ्यासमोर रडली. ग्रुपचा अ‍ॅडमिन असलेल्या मुलाच्या आईला कोणीतरी जुना मेसेज पाठवला होता की त्याच कायद्याच्या 66 ए खाली अ‍ॅडमिनला जेल होते. कलम 66 ए सुप्रीम कोर्टाने 24 मार्च 2015 लाच रद्द केलं आहे. आणि मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं आहे की सदस्याने काही टाकलं म्हणून अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा समान हेतू असावा लागतो. आईला धीर दिला. मुलाला मात्र सांगितलं की अ‍ॅडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. पहिल्या संध्याकाळी ते बटण तुझ्या हातात होतं.

29 चिठ्ठ्या

त्यानंतरच्या शनिवारी मी वर्गाला कोरे कागद दिले. नाव लिहायचं नाही. तीन प्रश्न : स्टिकर पहिल्यांदा पाहिला तेव्हा तुला काय वाटलं, तू काय केलंस, आणि बाकीच्यांना काय वाटलं असेल. ती त्या दिवशी, तिच्याच इच्छेने, ग्रंथालयात होती. 48 चिठ्ठ्या आल्या. 29 जणांनी लिहिलं होतं की वाईट वाटलं किंवा आवडलं नाही. त्या 29 पैकी दोघांनी काहीतरी केलं होतं : एकाने ग्रुप सोडला, एकीने तिला खासगीत ‘लक्ष देऊ नको’ असं पाठवलं. उरलेल्यांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या किंवा गप्प बसले. आणि तिसऱ्या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच, “सगळ्यांना मजा आली.”

मी फळ्यावर फक्त आकडे लिहिले आणि ते कशाचे आहेत ते सांगितलं. वर्ग गप्प झाला. खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, मग हसलं कोण?”

फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेला ‘किवा’ नावाचा कार्यक्रम याच जागेवर बोट ठेवतो. त्रास देणारा आणि सोसणारा यांच्यापेक्षा भोवतीच्या बघणाऱ्यांवर काम करा, कारण त्यांच्या हसण्यावर सगळं चालतं. हे मी आधी वाचलं होतं. त्या दिवशी पटलं.

पण “आवाज उठवा” हे मुलांना सांगून उपयोग नसतो. मी तसं म्हणताच एक मुलगी म्हणाली, “ग्रुपवर ‘हे चुकीचं आहे’ लिहिलं तर उद्या माझाच स्टिकर बनेल.” बरोबर बोलली ती. म्हणून आम्ही एक अख्खा तास, चौदा वर्षांच्या मुलाला खरोखर टाइप करता येईल असं काय आहे, हेच शोधलं. “बास आता”, “जुनं झालं रे” ही दोन वाक्यं सगळ्यांना चालली. सगळ्यात चांगली युक्ती मुलांचीच. कोणी गृहपाठ विचारला आणि त्यावर स्टिकर आला, तर लगेच दोघातिघांनी गृहपाठाचं खरं उत्तर टाकायचं, म्हणजे स्टिकर वर सरकून जातो आणि त्याला उत्तर मिळत नाही. एकट्याने करायचं नाही, जोडीदार ठरवून करायचं. आणि तिला खासगीत दोन शब्द लिहायचे. एवढ्याला धाडस लागत नाही.

त्याच आठवड्यात, तिला विचारून, मी वर्गासमोर माझी चूक सांगितली. “माझं नाव घेऊ नका, पण सांगा,” असं ती म्हणाली होती. जुलैमध्ये मी एका मुलीला उभं करून तिचा उच्चार सगळ्यांसमोर सुधारत बसले, आणि हसले, ते चुकलं, असं म्हटलं. पुढचा तास ‘ण’वर घेतला. मूळ संस्कृत शब्द ‘पानीय’, त्यात ‘न’च आहे. महाराष्ट्री प्राकृतात ‘न’चा ‘ण’ झाला, आणि आपण प्रमाण मराठीत ‘पाणी’ लिहितो. हिंदीत कोणी ‘पानी’ म्हटलं तर आपण हसत नाही. निफाडच्या माणसाने म्हटलं तर हसतो. मग यात हसू उच्चाराचं आहे की माणसाचं? आपल्याच जिल्ह्यात बागलाण, मालेगावकडे अहिराणी बोलतात, तीही ऐकवली. परीक्षेत लिहिताना ‘ण’ लागेल, तो मी प्रत्येकाला वहीत शिकवेन. बोलताना ज्याची त्याची बोली. आता मी उच्चार सुधारते तो वहीपाशी जाऊन, हळू आवाजात, आणि तेही मुलाने विचारलं तरच.

पालकसभेला 31 पालक आले. फोन हातात घ्यायला लावले. ग्रुपमध्ये आपल्याला कोण जोडू शकतं ते कुठे बदलायचं, हे दाखवलं. इन्स्टाग्रामला किमान वय तेरा आहे, आणि अठराच्या आतल्यांना आपोआप बंदिस्त अकाउंट मिळतं, पण मुलाने जन्मसाल 2000 टाकलेलं असेल तर ते संरक्षण मिळतच नाही, हे कळल्यावर बऱ्याच जणांनी तिथेच फोन चाचपले. मग स्टिकरची फेव्हरेट यादी उघडायला सांगितली. मुलं आईवडिलांचेच फोन वापरतात. मागच्या बाकावर एक गृहस्थ एकदम उभे राहिले. “मॅडम, हा तर माझ्याकडे आहे. टँकर आला नाही की मी सोसायटीच्या ग्रुपवर हाच टाकतो. कोणाची तरी मुलगी आहे, हे डोक्यातच आलं नाही.” ते खाली बसले आणि बराच वेळ फोनकडे बघत राहिले. त्या सभेत माझ्या कुठल्याही वाक्यापेक्षा त्यांच्या या बोलण्याचा परिणाम जास्त झाला.

पोस्टरवाल्या मुलाने आणि त्या दोन मुलींनी तिच्याशी काय बोलायचं, हे आम्ही लिहून दिलं नाही. तिची तयारी झाल्यावर, ग्रंथालयात, एकेकाशी पाच मिनिटं. मुलाने तिला दुसरं काही न बोलता त्या दिवसाचा पूर्ण व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, ठेवू की पुसू? तिने पूर्ण भाषण पहिल्यांदाच पाहिलं. “पूस,” म्हणाली. बाकावरच्या मुलीशी मात्र ती अजूनही बोलत नाही. मी दोघींना तसा आग्रह केलेला नाही.

सगळं सुटलं असं नाही. जूनमध्ये स्टिकर एका खासगी क्लासच्या ग्रुपवर पुन्हा आला, तिथे आमचा हात पोहोचत नाही. फरक एवढाच की त्याच संध्याकाळी आमच्या वर्गातल्या दोघांनी मला कळवलं, आणि त्याआधी गृहपाठाचं उत्तरही टाकलं होतं. मावशींनी तिच्यासाठी नळाजवळ एक तांब्या ठेवला होता, तो आता लागत नाही. स्टेजवर मात्र ती अजून यायला तयार नाही.

शाळा सुरू झाल्यावर वडील एकदा येऊन गेले. तक्रार करायची नाही असं त्यांनी आणि तिने मिळून ठरवलं होतं. फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, “मॅडम, तुम्ही पुसू नका म्हनाला होता, म्हनून ठेवलं. आता काढू का?” मी हो म्हटलं. त्यांनी ग्रुप वर वर सरकवत 27 फेब्रुवारीपर्यंत नेला आणि स्टिकरवर येऊन थांबले. “आधी हा अंगठा कसा काढायचा ते दाखवा.” मी दाखवलं. त्यांनी तो काढला, मग स्टिकर पुसला, आणि फोन खिशात ठेवून कंपनीची पाळी गाठायला निघाले.